ग्वान उस्तादाने सोडलेली सिगारेट

ग्वान दशुन आमच्या हमामखान्यात लोकांची अंगं घासायचा. मी बाहेरच्या खिडकीशी बसायचे. येणाऱ्याला कपाटाची चावी आणि रबरी सपाता द्यायच्या, जाताना परत घ्यायच्या, एवढंच माझं काम. पुरुषांच्या बाजूला काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही, पण वाफेबरोबर बोलणंही बाहेर येतं. जे ऐकू आलं नाही ते पुढे त्याने स्वतःच मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीतल्या चाव्या सारख्या करत होता.

आमचं गाव कोळशाच्या खाणीचं. खाण बंद पडली आणि अर्धं गाव हात बांधून बसलं, तेव्हा ग्वानने फावडं टाकून हातात खरखरीत मोजा चढवला. लोक हसले. खाणीत सुरुंग लावणारा गडी आता दुसऱ्याच्या पाठी चोळणार म्हणे. पण त्याचा हात असा बसला, की दुसरा घासणारा रिकामा असला तरी लोक ग्वानसाठी ताटकळत बसायचे. तो माणसाला पालथा निजवायचा, मानेपासून टाचेपर्यंत मळाच्या वळ्या काढायचा, पाठीवर थापटी मारली की माणूस मुकाट्याने कूस बदलायचा. मोठे मोठे साहेबसुद्धा त्या थापटीला नाही म्हणायचे नाहीत.

सिगारेट त्याला खाणीने लावली. वर आल्या आल्या आधी एक पेटवायची, मग तोंड धुवायचं, अशी तिथली रीत. हमामखान्यात तर कुणी खूश झालं की सिगारेटच पुढे करायचं. ग्वानचे हात ओले, म्हणून तो नुसती मान पुढे करायचा; गिऱ्हाईकच ती त्याच्या ओठांत ठेवायचं आणि पेटवून द्यायचं. दिवसभर त्याच्या तोंडात एक असायचीच. संध्याकाळी खोकत बाहेर आला की मला कपाटांच्या चाव्या हलल्यासारख्या वाटायच्या.

त्याची एकुलती एक मुलगी श्याओमान, दालियन शहरात दिलेली. त्या वर्षी ती पोटुशी होती आणि नवरा-बायको नववर्षाला माहेरी आली होती. जावयाने रिवाजाप्रमाणे सासऱ्याला सिगारेटींचा अख्खा मोठा खोका आणला. जेवायला बसले. ग्वानने पहिला घास घेण्याआधीच एक पेटवली आणि असा खोकला सुटला की तोंडातलं पेय टेबलावर उडालं, जावयाच्या बाहीवर. जावई रुमाल काढून बाही पुसू लागला. मुलगी मात्र बोलली.

"बाबा, बाळ झाल्यावर आम्ही इथे उतरणार नाही. हॉटेलात राहू."

"का? बापाचं घर काय पडलंय?"

"पडलं नाही. पण भिंतींनाही खोकला येतोय."

जावई ताटात बघत बसला. ग्वानला ते बघणंच जास्त झोंबलं. तो उठला, खिशातलं पाकीट घेतलं, जावयाचा खोका फोडला आणि सगळंच्या सगळं चुलीवरच्या मोदकांच्या पाण्यात लोटलं. मोदक म्हणजे आमचे मांसाचे, उकडलेले. त्यांचं पाणी आम्ही जेवण झाल्यावर पितो. त्याची बायको श्यूछिन ओरडली, ती सिगारेटींसाठी नव्हे, पाण्यासाठी.

"एक घाव दोन तुकडे," ग्वान म्हणाला. "आजपासून ग्वान दशुन ओढत नाही."

मुलगी रडली. जावयाने उभं राहून त्याचा पेला भरला. दुसऱ्या दिवशी श्यूछिनने सगळ्या इमारतीला ही हकिगत सांगितली, आणि चौकात बायका संध्याकाळी नाचायला जमतात तिथेही.

नवं वर्ष शिळंही झालं नव्हतं, तेव्हाच ग्वान हमामखान्यामागच्या बंबाच्या खोलीत जाऊन बसला. बंबवाला शाओ कोळसा ओढत होता. त्याने फावडं थांबवलं.

"उस्ताद, तुम्ही सोडली म्हणे."

"सोडलीय."

"मग हातात काय आहे?"

"ही सोडायची राहिली."

शाओ इतका हसला की फावड्यावर टेकला. पण माणूस पोटात ठेवणारा. त्याने ग्वानला कोळशाच्या ढिगामागे बसायला उलटं घमेलं दिलं. तिथे बसून ग्वान ओढायचा, मग आत येऊन डोक्यावरून पाणी घ्यायचा, व्हिनेगरने चूळ भरायचा. दुसऱ्या कुणाला अंगाचा वास लपवायचा तर घाम फुटेल. ह्याचा तर धंदाच न्हाण्याचा. घरी साबणाचा वास घेऊन जायचा. श्यूछिन त्याच्या कॉलरला नाक लावायची आणि म्हणायची, "लग्न झालं तेव्हाही तुम्ही इतके स्वच्छ नव्हतात."

हे ऐकलं की त्याला जमिनीत जावंसं वाटायचं. खरं सांगावं असं रोज ठरवायचा आणि रोज जेवणात काहीतरी त्याच्या आवडीचं असायचं.

मात्र एक गोष्ट घडत होती, आणि ती त्याच्याही लक्षात उशिरा आली. उठल्या उठल्या ओढायची ती सुटली होती. घरात बायको, ओढणार कुठे? बसमधून उतरल्यावरची सुटली, कारण त्या थांब्यावर सगळे ओळखीचे. गिऱ्हाइकांनी द्यायचं बंद केलं. कुणी संत्रं द्यायचं, कुणी गोठवून काळी पडलेली नाशपाती. नुसत्या लाजेने त्याच्या निम्म्याहून जास्त सिगारेटी गेल्या होत्या. तेव्हा त्याला वाटलं, असंच चालू ठेवावं, हळूहळू शून्यावर यावं, म्हणजे खोटं बोललेलं आपोआप खरं होईल आणि कुणाला कळायचंही नाही. त्याने हमामखान्यातल्या पायाची नखं कापणाऱ्या गड्याची कात्री घेतली आणि सिगारेटी मधोमध कापायला लागला. अर्धी आत्ता, अर्धी दुपारी. जेवणानंतरची मात्र काही केल्या सुटेना. तेव्हा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचा, हात कामात ठेवायला. ओठ काळे व्हायचे आणि श्यूछिनला ते कौतुकाचं वाटायचं.

आता लुआन चांगहायबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

लुआन हा ग्वानचा खाणीतला जोडीदार. एकाच दिव्याच्या उजेडात दोघांनी वर्षं काढलेली. लुआनच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. जिना चढला की मध्येच कठड्याला धरून भिंतीवरच्या जाहिराती वाचत असल्याचं नाटक करायचा. डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, धूळ आम्ही काढू शकत नाही, धूर तुम्ही थांबवू शकता. दर शनिवारी तो ग्वानच्या बाकावर येऊन पडायचा.

"तुझ्यासारखं करायचं ठरवलंय," नववर्षानंतरच्या एका शनिवारी तो म्हणाला. "बायको म्हणाली, ग्वानभाऊंनी एका क्षणात केलं, तुम्हाला कोणी धरलंय?"

ग्वानचा हात थांबला. मग त्याने थापटी मारली. "कूस बदल."

लुआनने पाकीट नदीत टाकलं, बर्फ फोडून. चार-सहा दिवस काढले आणि परत सुरू केली. मग पुन्हा सोडली, पुन्हा सुरू. दर वेळी तो बाकावर येऊन गुन्हेगारासारखा पडायचा.

"तू पोलाद आहेस, दशुन. मी चिखल आहे."

"उगीच काहीतरी बोलू नकोस."

"नाही, खरं तेच. काल बायको म्हणाली, एकाच खाणीतले दोघे, एकच धूळ खाल्लीत, पण माणूस माणसात फरक असतो."

मी बाहेर बसून हे ऐकलेलं आहे. त्यानंतर नुसता मोज्याचा आवाज येत होता.

मग वस्तीच्या समितीच्या बाईंच्या कानावर ग्वानची कीर्ती गेली. तंबाखू सोडण्याबद्दल सभा घ्यायची होती आणि त्यांना माणूस हवा होता. श्यूछिनने ग्वानला न विचारताच हो सांगितलं. सभा दुपारी, समितीच्या खोलीत. मीही गेले होते. हमामखान्यातल्या सगळ्यांना मालकाने धाडलं होतं. ग्वानच्या छातीवर लाल कागदी फूल लावलं. त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं, मनात आणलं की माणूस काहीही करू शकतो, मी पाण्यात टाकल्या आणि वळून पाहिलं नाही. टाळ्या झाल्या. श्यूछिन पहिल्या रांगेत होती आणि मागे वळून कोण कोण टाळ्या वाजवतंय ते बघत होती. एका कॅमेऱ्यावाल्याने फोटो काढला.

"कुणाला काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं.

शेवटच्या रांगेतून लुआन उठला. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, आधी दम घेतला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला ते सहन होत नव्हतं, हे लांबूनही कळत होतं.

"मला एवढंच विचारायचंय," तो म्हणाला, "की पहिल्या आठवड्यात झोप कशी लागली? मला झोपच लागत नाही. हात कापतात. बायकोवर धावून जातो. तुला झालं का असं? झालं असेल तर काय केलंस?"

तो साधा, खरा प्रश्न होता, आणि त्या खोलीत ज्याला त्याचं उत्तर माहीत नव्हतं असा माणूस फूल लावून पुढे उभा होता. ग्वानला पहिला आठवडाच नव्हता. तो बंबामागे घमेल्यावर बसला होता.

"दात दाबून," ग्वान म्हणाला. "दात दाबून काढायचे दिवस."

लुआनने मान हलवली आणि तो खाली बसला. ग्वानला बक्षीस म्हणून गरम पाण्याचा थर्मास मिळाला. तो घेताना त्याचे कान लालभडक झाले होते. लोकांना वाटलं, लाजाळू माणूस.

त्यानंतर लुआन हमामखान्यात यायचा बंद झाला. एकदा त्याची बायको माझ्या खिडकीशी आली, सपाता न मागता उभी राहिली. "ग्वानभाऊंना सांगा, एकदा घरी या. हे आता दुप्पट ओढतात. म्हणतात, माझ्यात दमच नाही तर कशाला सोंग करू. तुमच्या तोंडचं ऐकतील." मी निरोप दिला. ग्वान म्हणाला, जातो. गेला नाही. मी परत विचारलं तर म्हणाला, ह्या आठवड्यात गर्दी आहे. गर्दी नव्हती.

हिवाळ्याच्या तोंडाला लुआनला इस्पितळात ठेवलं. ती बातमी शाओने बंबाच्या खोलीत दिली. ग्वानच्या हातात अर्धी होती. ती त्याने विझवली नाही, पुरती ओढली, असं शाओ सांगतो. मग उठला आणि दुकानातून पिवळ्या पीचच्या फोडींची काचेची बरणी घेतली, जी आमच्याकडे आजाऱ्याला नेतात, आणि भर दुपारी काम टाकून गेला.

लुआन उशांना टेकून बसला होता, नाकाला नळी. ग्वान खाटेच्या कडेला टेकला नाही. उभ्यानेच बोलला.

"चांगहाय, मी सोडलेली नाही."

"काय सोडलेली नाही?"

"सिगारेट. कधीच सोडली नव्हती. नववर्षानंतर लगेच सुरू केली. बंबामागे ओढतो. कमी केलीय, अर्ध्या करून ओढतो, पण ओढतो. सभेच्या दिवशीही ओढून आलो होतो."

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे वळला.

"त्या दिवशी मी तुला झोपेचं विचारलं होतं," लुआन म्हणाला.

"हो."

"सगळ्या गावासमोर. उठायला पाय निघत नव्हते माझे. म्हटलं, हा आपला माणूस आहे, हा खरं सांगेल."

ग्वानने बरणी खाटेशेजारी ठेवली.

"दात दाबून म्हणालास. मी दाबले. माझ्या दाढा हलायला लागल्या, दशुन. आणि तू सांगितलं असतंस की अर्धी अर्धी कर, तर मी अर्धी केली असती. मला कुठे पोलाद व्हायचं होतं?"

"माझं चुकलं."

"बरणी घेऊन जा."

ग्वानने बरणी उचलली. जिन्यात लुआनची बायको समोरून येत होती, हातात जेवणाचा डबा. ती त्याला बघून हसली. "आलात ना भाऊ, बरं झालं," म्हणाली. त्याने तिथे तिला काही सांगितलं नाही. ते लुआनने सांगितलं असणार.

त्याच संध्याकाळी त्याने श्यूछिनला सांगितलं. बरणी टेबलावर ठेवून. तिला खरंच काही माहीत नव्हतं. तिला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लुआनच्या बायकोला मी काय काय बोलले. चौकात, सगळ्यांसमोर. म्हटलं, नवऱ्यात दम असेल तर बायकोला सांगावं लागत नाही." दुसऱ्या दिवशी ती लुआनच्या घरी गेली. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "मी कामात आहे." ती नाचायला जायची बंद झाली ती वसंत येईपर्यंत.

ग्वान थर्मास परत द्यायला समितीच्या बाईंकडे गेला. बाईंनी दार लावून घेतलं. "उस्ताद, हे बाहेर बोलू नका. वर कळवून झालंय. फोटो फलकावर लागलाय."

"फोटो काढा."

"काढला तर लोक विचारतील का काढला. पुढच्या सणाला नवे फोटो लागतील, तेव्हा आपोआप जाईल."

तो फोटो काही गेला नाही. कागदी फूल लावलेला ग्वान काचेमागे उन्हाने पिवळा पडत राहिला, आणि खराखुरा ग्वान रोज त्याच्यासमोरून कामावर यायचा, पलीकडच्या फुटपाथवरून.

त्यानंतर त्याने बंबाच्या खोलीत जाणं सोडलं. ओढायची तर हमामखान्याच्या पुढच्या दारात, माझ्या खिडकीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत. थंडीत गळ्याभोवती टॉवेल, हातात ती कापलेली अर्धी. लोकांनी सोडलं नाही.

"काय उस्ताद, पोलादाला गंज?"

"चढला," तो म्हणायचा.

"मग भाषण कुणाचं होतं ते?"

"माझंच."

मग लोक आत जायचे. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, मागे जाऊन ओढा की, कशाला रोज शिव्या खाताय?" तो म्हणाला, "शिनताई, मागे फार उबदार आहे." आणि खरंच, पुढच्या दारात वारा असा लागायचा की अर्धीसुद्धा पुरी व्हायची नाही.

वसंतात लुआन आला. जिना नसूनही दोनदा थांबला. मी चावी दिली, त्याने सपाता घातल्या, आत गेला आणि ग्वानच्या बाकावर पालथा पडला. मी कान देऊन बसले होते, खोटं कशाला बोलू.

"घास," लुआन म्हणाला. "बोलायचं नाही."

ग्वानने घासलं. बोलला नाही. असे कितीतरी शनिवार गेले. मग एकदा लुआननेच विचारलं, "जेवणानंतरची कशी घालवलीस?"

"अजून गेली नाही."

"हं," लुआन म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "माझी सकाळची जातेय असं वाटतं. दात घासून होईपर्यंत थांबायचं ठरवलं. मग चहा होईपर्यंत. आता पेपर येईपर्यंत थांबतो."

"पेपर उशिरा येतो का?"

"हल्ली फार उशिरा येतो."

दोघं हसले नाहीत. पण तेव्हापासून ते बोलायला लागले, आणि बोलायचे ते तेवढ्याच विषयावर. कुठली गेली, कुठली परत आली. एखाद्या आजारी नातेवाइकाची खबर द्यावी तसं. परत आली हे सांगायला दोघांनाही आता अडचण नव्हती. जुनं मैत्र मात्र पहिल्यासारखं झालं नाही. लुआन पूर्वी त्याला घरी जेवायला बोलवायचा, ते पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि ग्वाननेही वाट पाहिली नाही.

ग्वानची कधी संपली हे मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत तो दारात दिसला नाही. विचारलं तर तोही विचारात पडला. "सुटली वाटतं," म्हणाला, आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "कुणाला सांगू नका हं." नातू एव्हाना चालायला लागला होता. मुलगी आली की घरीच उतरायची. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. ती चिडली, मग चिडायची थांबली.

लुआनची अगदी शून्यावर आली नाही. रात्रीच्या जेवणानंतरची एक राहिली होती, तीही सगळी ओढायचा नाही. पण छातीतली धूळ कशाला थांबते. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला.

मयताला सगळी जुनी खाण जमली होती. आमच्याकडे अशा वेळी आलेल्यांना सिगारेट देतात, घरचं माणूस ताटली घेऊन फिरतं. लुआनला मूलबाळ नव्हतं, म्हणून पांढरं कापड डोक्याला बांधून त्याची बायकोच फिरत होती. प्रत्येकाने एकेक उचलली. ग्वान शेवटच्या बाकावर होता, श्यूछिन आणि मी त्याच्या शेजारी. लुआनची बायको ग्वानसमोर येऊन थांबली. ग्वानने ताटलीकडे पाहिलं, मग नकाराची मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही नाही का, सोडलेली."

तिच्या आवाजात टोमणा होता की नव्हता, हे मला तेव्हाही कळलं नाही. ग्वानचे कान लाल झाले. त्याने उठून तिला वाकून नमस्कार केला आणि तसाच वाकून राहिला, ती ताटली घेऊन पुढच्या माणसापर्यंत जाईपर्यंत.